पऱ्हाटीवर पीएचडी करावी का?

सुकीकाठची · ९ जानेवारी, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. वाचते रोज, लिहितेय पहिल्यांदा.

मी रावेर तालुक्यातली. अर्थशास्त्रात एम.ए. झालं, सेट निघाली, नेटही निघाली (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा). जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, मात्र थोडक्यात गेली. घरी पाच एकर, तीनमध्ये केळी, दोनमध्ये कपाशी. पीएचडीचा विषय दोन वर्षांपासून डोक्यात पक्का आहे. पऱ्हाटी (वेचणीनंतर उरलेली कपाशीची झाडं), केळीची खोडं, शेण हे सगळं इंधनासाठी वापरलं तर पैसा कोणाला मिळतो, झळ कोणाला बसते आणि जमिनीचं काय होतं? म्हणजे पर्यावरणीय अर्थशास्त्र आणि जैवऊर्जा यांच्या सांध्यावरचा विषय.

ज्या सरांकडे नोंदणी करायची आहे ते म्हणतात, बचत गटांवर कर, तीन वर्षांत प्रबंध हातात येईल. आई म्हणते बी.एड. कर. बाबा काही म्हणत नाहीत. पण परवा पऱ्हाटी उपटताना चिमटा बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "हिला भाव का नसतो, हे तुझ्या पुस्तकात आहे का?" मला उत्तर देता आलं नाही, आणि तेव्हापासून झोप लागत नाही.

तर या विषयात पुढे काही आहे का? कॉलेजातली नोकरी, संशोधन संस्था, काहीही. आणि हे खान्देशात राहून होईल की पुणे-मुंबई-दिल्ली गाठावीच लागेल? या वाटेने गेलेल्यांनी स्पष्ट सांगा. गोड बोलू नका.

तासिका_तत्त्व · ९ जानेवारी, रात्री ११.१५

ताई, गोड बोलू नका म्हणालात म्हणून लिहितो.

माझी पीएचडी भूजलाच्या किमतीवर. सेट आहे. आठ वर्षं नंदुरबार जिल्ह्यात दोन कॉलेजांत सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवतोय. तासाचे पैसे, तेही महिनोन्‌महिने उशिरा. उन्हाळ्याच्या सुट्टीत हातात शून्य. दर जूनला पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, पुन्हा त्याच वर्गात उभं राहायचं.

एका मुलाखतीत विचारलं, "तुम्ही अर्थशास्त्राचे की पर्यावरणशास्त्राचे?" मी म्हणालो, अर्थशास्त्राचा. "मग पाण्यावर काय काम केलंत?" पर्यावरणवाल्यांकडे गेलो तर ते म्हणाले, तुमची एम.ए. आहे, एम.एस्सी. नाही. दोन्ही घरचा पाहुणा.

विषय करू नका असं म्हणत नाही. पण प्रबंधाच्या शीर्षकात 'अर्थशास्त्रीय अभ्यास' हे शब्द ठळक असू द्या. आरआरसीत (विद्यापीठाच्या संशोधन मान्यता समितीत) उपयोग होतो आणि पुढे पदभरतीतही.

भरीतप्रेमी · १० जानेवारी, सकाळी ७.०५

पऱ्हाटीला भाव नाही म्हणणाऱ्यांनी बामणोदचं वांगं पऱ्हाटीवर भाजून खाल्लेलं दिसत नाही. थंडी आहे, हिरवी मिरची आहे, कांद्याची पात आहे. आधी भरीत, मग पीएचडी.

गिरणाथडी · १० जानेवारी, सकाळी ७.४०

भरीत तुराटीवर (तुरीच्या काड्यांवर). पऱ्हाटीचा जाळ भडकतो आणि लगेच बसतो, वांगं वरून करपतं, आतून कच्चं राहतं. भडगावकडे येऊन खाऊन बघा.

आता ताईच्या प्रश्नावर. मी काही शिकलेला माणूस नाही, शेती करतो. पण या 'जैवऊर्जे'ने आमच्या घराला एकदा चांगलंच पोळलंय, ते सांगतो.

२००६ साली आमच्याकडे मोगली एरंडाची हवा होती. सरकारने २००३ साली बायोडिझेलचं अभियान आखलं होतं, पेपरात रोज बातम्या. पडीक जमिनीत लावा, पाणी लागत नाही, गुरं खात नाहीत, बिया हातोहात जातील, असं सांगत माणसं गावात यायची. आप्पांनी (माझे वडील) बरडाच्या तीन एकरांत लावला. रोपं विकत आणली, खड्डे मजुरांकडून खोदून घेतले.

झाडं जगली, खोटं बोलणार नाही. पण बिनपाण्याचं झाड जगण्यापुरतंच जगतं, धरत नाही. तिसऱ्या वर्षी पोतंभर बिया निघाल्या आणि त्या घ्यायला कोणी आलं नाही. आप्पा ते पोतं सायकलवर बांधून तालुक्याला गेले आणि तसंच परत घेऊन आले. ते पोतं कितीतरी वर्षं माळ्यावर होतं. शेवटी मीच झाडं मुळासकट काढली.

तेव्हा एखादा शिकलेला माणूस बांधावर येऊन म्हणाला असता की आप्पा, बिनपाण्याचं उत्पन्न इतकं, वेचणीची मजुरी इतकी, हा हिशोब बसत नाही, तर आमचे पैसे वाचले असते. त्या वेळी एकजण नव्हता आला. म्हणून ताई, तू हा विषय कर. नोकरीचं मला कळत नाही. पण अशा माणसाची गरज आहे, हे मला चांगलं कळतं.

सुकीकाठची · १० जानेवारी, दुपारी १.२०

तासिका_तत्त्व सर, शीर्षकाचं लगेच वहीत लिहिलं. आठ वर्षांचं वाचून पोटात कालवलं.

गिरणाथडी दादा, ते सायकलवरचं पोतं डोळ्यांसमोरून हलत नाहीये.

पांढराकोळसा · १० जानेवारी, रात्री ९.३०

धरणगावकडे माझा छोटा ब्रिकेटचा कारखाना आहे. पऱ्हाटीची कुट्टी करायची, वाळवायची, दाबून गट्टू पाडायचा. याला आमच्यात पांढरा कोळसा म्हणतात. बॉयलरवाले घेतात. २०२१ पासून औष्णिक केंद्रांना कोळशासोबत ५ टक्के जैवइंधन जाळायचं धोरण आलं, त्यामुळे चौकशाही वाढल्या.

ताई, तुम्हाला खरा विषय सांगतो. पऱ्हाटी फुकट आहे असं ज्याला वाटतं त्याने एकदा ट्रॉली भरून आणावी. ट्रॉली डोंगरासारखी दिसते आणि काट्यावर चढवली की वजन काही नाही. अख्खी काडी म्हणजे निम्मी हवा. तुम्ही डिझेल जाळून हवा वाहता. म्हणून कुट्टी बांधावरच झाली पाहिजे. दुसरं, माल येतो डिसेंबर ते मार्च आणि गिऱ्हाईकाला पाहिजे बारा महिने. म्हणजे साठवण, म्हणजे जागा, म्हणजे ताडपत्री, म्हणजे आगीची भीती. तिसरं ओल. ओली कुट्टी मशीन घेतच नाही.

चौथं कोणीच लिहीत नाही. पहिल्या वर्षी शेतकरी हात जोडून म्हणतो, भाऊ घेऊन जा, रान मोकळं करून दे. तिसऱ्या वर्षी तोच म्हणतो, काय देतोस? चूक नाही त्याची. पण बँकेला दिलेल्या प्रकल्प अहवालात कच्चा माल पाच वर्षं त्याच भावाने धरलेला असतो. आमच्या भागातले दोन-तीन कारखाने तिथेच बसले.

अक्राणी · ११ जानेवारी, सकाळी ६.५०

मी धडगाव भागात बायांसोबत काम करते. पांढराकोळसा भाऊंनी चार गोष्टी सांगितल्या, पाचवी मी सांगते. तुमच्या ट्रॉलीत जी पऱ्हाटी चढते ती आधी कोणाच्या तरी चुलीत जात होती.

सातपुड्यातून खाली कामाला उतरणाऱ्या आमच्या बाया वर्षाचं सरपण त्या शेतांतूनच जमवतात. डोक्यावर भारा घेऊन चालणाऱ्या बाईला तुमच्या अहवालात 'शून्य किंमत' असते. पऱ्हाटी कारखान्यात गेली की ती बाई जंगलात जाते. मग जंगल तुटतं म्हणून बोलणी तीच खाते.

पांढराकोळसा · ११ जानेवारी, सकाळी ८.१०

ताई, मान्य. पण माझ्याकडे बावीस माणसं रोजावर आहेत, त्यात तुमच्याच भागातल्या बाया आहेत. आणि मी घेतली नाही तर बहुतेक पऱ्हाटी बांधावर पेटवतात, धूर सगळ्यांच्या नाकात. उभी ठेवली तर त्यातच गुलाबी बोंडअळी मुक्काम करते. फरदड (हंगामानंतर लांबवलेलं कपाशीचं पीक) घेऊ नका, पऱ्हाट्या वेळेत काढा, असं कृषी खातं दरवर्षी ओरडून सांगतं. काढलेली कुठेतरी जायलाच हवी ना?

अक्राणी · ११ जानेवारी, सकाळी ८.३५

जावी. पण भाव ठरवताना त्या बाईला खोलीत बोलवा, इतकंच म्हणणं आहे. सिलिंडर आता घरोघर आहे, २०१६ पासून उज्ज्वलाचेही आलेत. पण भरायला पैसे लागतात, म्हणून चूल विझलेली नाही.

भरीतप्रेमी · ११ जानेवारी, सकाळी ९.००

दोघांचंही पटलं. गिरणाथडी भाऊंचं तुराटीचं मात्र पटलेलं नाही.

जुना_मास्तर · ११ जानेवारी, रात्री १०.५५

मी धुळ्यात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालो. त्यातली वीस वर्षं पर्यावरणीय अर्थशास्त्रावर काम केलं. हा धागा सकाळपासून तीनदा वाचला. बाळ, तुझा विषय या धाग्यातच तयार झालाय, फक्त उचलून घे.

एखाद्या जिल्ह्यात जैवऊर्जा किती मिळेल, हे काढायची ठरलेली रीत आहे. पिकाचं उत्पादन घ्यायचं, त्याला काडीकचऱ्याच्या गुणोत्तराने (किती पिकामागे किती काडीकचरा) गुणायचं आणि त्यातला 'शिल्लक' भाग किती, त्या टक्केवारीने पुन्हा गुणायचं. पहिला आकडा सरकारी कागदात मिळतो. दुसरा प्रयोगशाळेत काढता येतो. तिसरा बहुतेक जण कुठल्यातरी जुन्या पेपरातून उचलतात, त्याने आणखी जुन्या पेपरातून घेतलेला असतो. आणि सगळी गोम त्या तिसऱ्या आकड्यात आहे. शिल्लक म्हणजे काय? कारखानदाराला दिसते ती? चुलीत गेल्यावर उरते ती? की जमिनीला तिचा वाटा परत दिल्यावर उरते ती? पांढराकोळसा आणि अक्राणी यांचं भांडण या एका आकड्याचंच आहे. हा आकडा खान्देशापुरता, गावात राहून, तू काढ. दिल्लीतल्या माणसाला तो काढता येणार नाही. त्याला पऱ्हाटी उपटायचा चिमटा कसा असतो हेच माहीत नसतं.

धूर शेजाऱ्याच्या नाकात जातो पण पेटवणाऱ्याच्या हिशोबात येत नाही, याला आपल्या शास्त्रात बाह्य परिणाम म्हणतात. अर्थशास्त्रज्ञ पिगूने १९२० साली म्हटलं, त्याच्यावर कर बसवा. कोसने १९६० साली म्हटलं, हक्क कोणाचा हे आधी ठरवा, देवघेवीचा खर्च कमी असेल तर लोक आपसांत तोड काढतील. एलिनॉर ऑस्ट्रॉमना २००९ चं नोबेल मिळालं ते गावं आपली सामायिक संपत्ती स्वतःच्या नियमांनी सांभाळू शकतात हे दाखवल्याबद्दल. हे वाचल्यावर आपल्या साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला जाऊन ये. उजाड झालेलं जंगल गावाने स्वतः नियम घालून राखलं, चैत्राम पवारांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. पुस्तक एका हातात, बारीपाडा दुसऱ्या हातात, असा अभ्यास कर.

पद्धतीसाठी दोन जुनी माणसं सांगतो. धनंजयराव गाडगीळांनी पुण्याच्या गोखले संस्थेतून गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचे आर्थिक परिणाम गावोगाव पाहणी करून मोजले, १९४८ साली ते छापून आलं. कालव्याने सरकारला पाणीपट्टी किती मिळाली एवढंच न बघता सगळ्या भागाचं काय भलं झालं ते त्यांनी पाहिलं. दुसरे अमूल्य रेड्डी. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली त्यांनी 'अस्त्र' हा ग्रामीण तंत्रज्ञानाचा गट उभा केला. पुरा नावाच्या गावात आधी स्वयंपाकाला बायोगॅस द्यायचा प्रयत्न झाला, पण गावातलं शेण सगळ्या चुलींना पुरेना. मग लोकांना विचारलं, तुम्हाला आधी काय पाहिजे? ते म्हणाले, पाणी. तेव्हा त्याच गॅसवर इंजिन चालवून पाणी उपसलं, दिवे लावले. ऊर्जेचं संशोधन असं असतं. आधी शेण मोजायचं, मग माणसाला विचारायचं. खरं तर आधी माणसाला विचारायचं.

नोकरीबद्दल तासिका_तत्त्व यांनी लिहिलं ते अक्षरशः खरं आहे आणि वाचून मान खाली गेली. आमच्या पिढीला जागा मिळाल्या, यांच्या पिढीला नाही. यात यांच्या गुणवत्तेचा काही दोष नाही.

सुकीकाठची · १२ जानेवारी, पहाटे ५.३०

सर, 'शिल्लक कोणाची?' हे मी भिंतीवर चिकटवलं. वहिनीला वाटलं, वाटणीचा कागद आहे.

एक विचारू का? केळीचं खोडही घ्यावं का अभ्यासात? आमच्याकडे तेच जास्त आहे. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, खोडाला मात्र बांधच.

पांढराकोळसा · १२ जानेवारी, सकाळी ७.१५

खोड माझ्या मशीनपाशी आणू नका. एकदा आणलं होतं, अख्खी कुट्टी चिखल झाली. त्यात नव्वद टक्क्यांवर पाणी असतं.

थंडीतला_खान्देशी · १२ जानेवारी, दुपारी ४.०५

मूळ अमळनेरचा, प्रताप कॉलेजचा. सध्या स्वीडनमध्ये जैवऊर्जेवर पोस्टडॉक करतोय. खोडाचं वर आलंच आहे, त्यात एक भर घालतो. पाणी इतकं असल्यावर ते जाळायचं नाही, कुजवायचं. बायोगॅसमध्ये जाऊ शकतं, धागा निघतो, गांडूळखत होतं. आणि खोडात पालाश भरपूर असतो. ते शेतातून बाहेर नेलं तर तेवढं पोटॅशचं पोतं विकत आणावं लागतं. ती किंमत हिशोबात धरली नाही तर हिशोब खोटा.

बाहेर जावं का, यावर माझा अनुभव. इथे १९९१ साली कार्बन कर आला आणि जैवइंधनाला त्यातून सूट मिळाली. त्यामुळे शहरांची घरं तापवणाऱ्या केंद्रांना लाकडाचा भुसा, फांद्या जाळणं परवडू लागलं. जुना_मास्तर सरांनी सांगितलेला पिगू इथे रोज चालताना दिसतो. हे बघायला मिळालं याचा आनंद आहे. वेळेवर पगार, प्रयोगशाळा, दुसऱ्या विषयाच्या माणसासोबत एका टेबलावर बसायची सवय, हे सगळं इथे शिकलो.

पण एक खंत आहे. माझ्या पेपरमध्ये भारतातल्या काडीकचऱ्याचा आकडा लागतो तेव्हा मीही तो जुन्या पेपरातूनच उचलतो. सरांनी दाखवलेली चूक मी स्वतः केली आहे. तुम्ही रावेरमध्ये तो आकडा काढलात तर माझ्यासारखे पन्नास जण तो वापरतील.

आणखी एक वाचाच. २००८ साली टिमोथी सर्चिंगर आणि सहकाऱ्यांनी सायन्स नियतकालिकात दाखवलं की एका देशात मका इंधनाकडे वळवला तर दुसरीकडे कोणीतरी जंगल तोडून नवी शेती करतो आणि तो कार्बन मोजला तर इथेनॉलचा फायदा उलटा फिरू शकतो. आकड्यांवरून पुढे पुष्कळ वाद झाले, अजून चालू आहेत. पण 'आपल्या कुंपणाबाहेर काय झालं तेही मोजा' हे तेव्हापासून कोणाला टाळता येत नाही. अक्राणी ताईंची बाई जंगलात जाते, ते याच प्रश्नाचं खान्देशी रूप आहे.

गिरणाथडी · १२ जानेवारी, सायंकाळी ७.३०

इथेनॉलचा विषय निघालाच तर, डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने उसाच्या रसाचं इथेनॉल एकदम आखडलं, साखर कमी पडेल म्हणून. ज्यांनी कर्ज काढून डिस्टिलरी उभ्या केल्या त्यांची पाचावर धारण बसली. हे इंधनाचं पीक म्हणजे पावसापेक्षा दिल्लीकडे जास्त बघावं लागतं.

गोबर गॅसचंही सांगतो. आमच्या घरी ऐंशीच्या दशकातला लोखंडी टाकीवाला होता. आजी टाकी वर आली की म्हणायची, "आज दोन भाज्या होतील." टाकी गंजली, बैल गेले, ट्रॅक्टर आला, शेण संपलं. आता खड्ड्यात पावसाचं पाणी साचतं.

तासिका_तत्त्व · १२ जानेवारी, रात्री ९.४५

गिरणाथडी भाऊ, हा किती छान मुद्दा आहे! गॅसचा खरा शत्रू ट्रॅक्टर. साधारण पंचवीस किलो शेणाला एक घनमीटर गॅस धरतात. दोन घनमीटरचा प्लांट नीट चालला तर महिन्याला जवळपास दोन सिलिंडरचं काम होतं. पण त्याला रोज पन्नास किलो शेण, म्हणजे चार-पाच जनावरं लागतात. ज्याच्याकडे आज तेवढी जनावरं आहेत त्याला सिलिंडर परवडतो आणि ज्याला परवडत नाही त्याच्याकडे जनावरं नाहीत. यावर एक चांगला पेपर होईल. ताई, आपण दोघं मिळून लिहायचा का? बऱ्याच वर्षांनी पेपर लिहावासा वाटतोय.

सुकीकाठची · १२ जानेवारी, रात्री १०.०२

सर, हो. हो. हो.

जुना_मास्तर · १३ जानेवारी, सकाळी ६.२०

याहून चांगली बातमी या धाग्यात येणार नाही. दोघांनाही सांगतो, पैसे देऊन छापणाऱ्या नियतकालिकांकडे फिरकू नका. उशीर झाला तरी चालेल.

संस्थांचंही सांगून टाकतो, कारण मूळ प्रश्न तोच होता. चेन्नईचं मद्रास स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स या विषयासाठी नावाजलेलं आहे. मुंबईचं इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थान, बंगळुरूची सामाजिक व आर्थिक परिवर्तन संस्था, आयआयटी मुंबईचं ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र 'सितारा', ही दारं ठोठवायची. फलटणची निंबकर संस्था आणि पुण्याची आरती संस्था इथे जैवइंधनाचं काम हाताने केलेलं बघायला मिळेल. आरतीने उसाच्या पाचटापासून कोळसा केला, त्याला २००२ साली अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. पाचटाचा कोळसा होतो तर पऱ्हाटीचं काय, हे तिथे जाऊन विचार.

पैशाचं म्हणशील तर जेआरएफ पुन्हा दे. २०२३ पासून दरमहा ३७ हजार मिळतात, त्यावर प्रबंध नीट होतो. बार्टी, सारथी, महाज्योती या फेलोशिप देणाऱ्या सरकारी संस्थांपैकी जिथे बसत असशील तिथे अर्ज कर. फेलोशिपशिवाय पाच वर्षं काढायची झाली तर घराला जड जाईल, हे आईलाही मोकळेपणाने सांग.

अक्राणी · १३ जानेवारी, दुपारी १२.१५

आणि प्रश्नावली घेऊन गावात जाशील तेव्हा घरातल्या पुरुषाला विचारून परत येऊ नकोस. सरपण किती लागतं हे त्याला माहीत नसतं. चुलीपाशी बस. भारा उचलून बघ, वजन खांद्याला कळतं.

पांढराकोळसा · १३ जानेवारी, दुपारी २.४०

माझी सगळी वजनपावत्यांची फाइल देतो. सात वर्षांची आहे. नफा-तोटा दिसेल, दिसू दे.

सुकीकाठची · ८ मार्च, रात्री ९.१०

धागा वर आणतेय, कारण सांगण्यासारखं बरंच आहे.

जानेवारीत मोजायला सुरुवात केली. बाबांच्या कपाशीतला एक गुंठा दोरीने आखला, पऱ्हाट्या उपटल्या, झटकून माती काढली आणि ताणकाट्याला लटकवल्या. ३८ किलो भरल्या. गच्चीवर तीन आठवडे वाळवून पुन्हा मोजल्या, २५ किलो. म्हणजे एकरी साधारण एक टन. केळीच्या खोडाचा दहा किलोचा तुकडाही शेजारीच ठेवला होता. तो आकसत आकसत शेवटी पाऊण किलोची चोथ्यासारखी पट्टी उरली. बाबा ती पट्टी हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट बघत होते.

मग अक्राणी ताईंनी सांगितलं तसं आमच्या वस्तीतल्या चौदा घरांत चुलीपाशी बसले. अकरा घरांत सिलिंडर असूनही पऱ्हाटी जळते. आणि मला एक गोष्ट सापडली, जी मी लहानपणापासून रोज बघत होते पण दिसली नव्हती. आमच्या दोन एकरांतल्या पऱ्हाट्या बाबा मजुरीने उपटून घेतातच असं नाही. थोड्या घरचे उपटतात, बाकीच्या "उपटा आणि न्या" म्हणून बायांना देतात. त्या रान साफ करून देतात, बदल्यात भारे नेतात. रोख एक रुपया इकडून तिकडे जात नाही. म्हणजे पऱ्हाटीला भाव आहे, तो उपटणीच्या मजुरीएवढा आहे, फक्त कुठल्या पावतीवर चढत नाही. सरकारी गणितात आमच्या शेतातली बरीचशी पऱ्हाटी 'शिल्लक' दिसते. प्रत्यक्षात बांधावर चार भारे उरले होते.

बाबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मग कारखानेवाल्याला द्यायची तर आधी सखूमावशीला विचारावं लागेल." (नाव बदललंय.)

पांढराकोळसा दादांच्या पावत्या घेऊन गणित मांडलं. अख्खी काडी ट्रॉलीने नेली तर उपटणी आणि भाडं मिळून खर्च त्यांच्या भावाच्या वर जातो. बांधावर कुट्टी केली तर वीसेक किलोमीटरपर्यंत जमतं. पण त्यात बायांच्या सरपणाची भरपाई अजून धरलेली नाही, जमिनीला जाणारा काडीकचराही नाही. ते पुढचं काम.

आणि सर तयार झाले! बचत गटवाले. गच्चीवरच्या वजनांची वही दाखवली, त्यांनी दोन दिवस ठेवून घेतली आणि फोन करून म्हणाले, "हेच कर." शीर्षकात 'अर्थशास्त्रीय अभ्यास' आहे. आरआरसी पुढच्या महिन्यात. जेआरएफचा फॉर्म निघाला की पुन्हा भरणार आहे.

गिरणाथडी · ८ मार्च, रात्री ९.३५

बठ्ठं खरं शे, ताई. आमच्याकडेही असंच देतात. मी कधी त्याला भाव म्हटलं नव्हतं.

तासिका_तत्त्व · ८ मार्च, रात्री १०.२०

शेणाच्या पेपरची प्रश्नावली पाठवली आहे, इनबॉक्स बघा. माझ्या वर्गातली सहा मुलं आपापल्या पाड्यात मोजायला तयार आहेत. त्यांना ताणकाटे लागतील. कोणाकडे जुने पडलेले असतील तर नंदुरबारला पाठवाल का?

थंडीतला_खान्देशी · ८ मार्च, रात्री ११.०५

सहा ताणकाटे माझ्याकडून. ओलावा मोजायचं एक छोटं यंत्रही मे महिन्यात येताना घेऊन येतो. ताई, तुमच्या वहीच्या पानांचे फोटो टाका, पण आकडे गोल करू नका. ३८ म्हणजे ३८ की ३८.४?

सुकीकाठची · ८ मार्च, रात्री ११.१२

३८.२. उद्या सगळी पानं टाकते.

भरीतप्रेमी · ९ मार्च, सकाळी ७.००

त्या चार भाऱ्यांचं काय झालं?

सुकीकाठची · ९ मार्च, सकाळी ७.२५

दोन सखूमावशीच्या घरी गेले. एकावर संक्रांतीनंतर भरीत झालं, वांगी बामणोदची, पऱ्हाटीवर भाजलेली, आतपर्यंत शिजली होती. चौथा गच्चीवर आहे, पावसाळ्यात ओल किती धरतो ते मोजायचंय.